न चिकटणारं प्लास्टिक आणि ते सांधण्याची खटपट

गोव्यात डिचोली-पेडण्याकडच्या घरांच्या मागच्या दारी तडकलेलं निळं पिंप नाहीतर क्रेट हमखास सापडतो. भेगेवर सुटून आलेला एम-सील किंवा फेव्हिक्विकचा पांढरा पापुद्राही असतो. यात दुरुस्ती करणाऱ्याचा दोष नाही. ज्या गुणासाठी हे प्लास्टिक आपण घरात आणलं, तोच इथे आडवा येतो.

मार्च 1933 मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत फॉसेट आणि गिब्सन प्रचंड दाबाखाली एथिलीनवर प्रयोग करत होते. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला, तेच पॉलिथिलीन. महायुद्धात ते रडारच्या केबलवर चढलं. 1953 मध्ये जर्मनीत त्सीग्लर यांनी कमी दाबात त्याचा टणक प्रकार बनवला, पुढच्याच वर्षी इटलीत नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन. 1963 चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या कळशा मागे पडून बादल्या आणि पिंपं आली ती याच दोन पदार्थांची. गंजत नाहीत, खाऱ्या हवेला दाद देत नाहीत, मासळीचा चिकटा धुतला की जातो.

आणि गोंदही तसाच जातो. या प्लास्टिकमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन. गोंदाला धरून ठेवील असं पृष्ठभागावर काही नाही. त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला ओढून पसरवण्याची ताकद, मीटरला साधारण 30 मिलीन्यूटन. इपॉक्सीचा (एम-सील याच जातीचं) पृष्ठताण, म्हणजे द्रवाची गोळा होऊन राहण्याची ओढ, त्याहून जास्त, म्हणून ते पसरायचं सोडून आक्रसतं. पिंपावर पाण्याचा थेंब टाकून बघा, गोळी होऊन बसेल.

सुपरग्लूची, म्हणजे फेव्हिक्विकसारख्या गोंदाचीही तीच गत. 1942 मध्ये कोडॅकमध्ये हॅरी कूवर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आजच्या सुपरग्लूचा मूळ पदार्थ, जिथे तिथे चिकटतं म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं. 1951 मध्ये त्याची किंमत कळली, 1958 मध्ये ते बाजारात आलं. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात तर पटकन सुकतं. पण सुकणं वेगळं आणि धरणं वेगळं. पिंपावर ते सुकतं, धरत नाही.

खरी वाट सापडली ती गोंद बदलून नव्हे, पृष्ठभाग बदलून. 1951 च्या सुमारास डेन्मार्कमध्ये वेर्नर आयस्बी यांनी विजेच्या ठिणग्यांखालून प्लास्टिकची फिल्म सरकवली. पृष्ठभागावर ऑक्सिजन बसला आणि शाई धरू लागली. ज्योतीने तेच काम होतं. निळी ज्योत भेगेच्या कडांवरून झरकन फिरवायची, थांबायचं नाही, प्लास्टिक वितळता कामा नये. आता थेंब पसरतो. लगेच इपॉक्सी लावायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर गुण ओसरू लागतो. सुपरग्लूआधी लावायचे प्रायमर आणि बोरॉनयुक्त दोन भागांचे ॲक्रिलिक गोंद पुढे आले. चांगले आहेत, पण घरगुती कामाला महाग पडतात.

टाकीला मात्र मी वेल्डिंगच सुचवेन. 1988 पासून वस्तूंवर त्रिकोणात आकडे येऊ लागले: 2 म्हणजे टणक पॉलिथिलीन, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून भरायची पट्टी त्याच आकड्याच्या जुन्या डब्यातून कापावी. भेग व्ही आकारात कोरून हॉट एअर गनने पट्टी आणि कडा दोन्ही सारख्याच मऊ कराव्यात. आकडा 3 दिसला तर ते पीव्हीसी. त्याला आच लावू नये, विषारी धूर येतो. त्याला पाइपचं सॉल्व्हंट सिमेंट पुरतं.