शरद ऋतूतील सामुदायिक उत्सव (खान्देश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील लहान-मध्यम शहरांत भाद्रपद पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गल्ली-पेठेच्या पातळीवर होणारे उत्सव व उपक्रम. गुलाबाई, नवरात्र, कोजागरी, बालाजी आणि श्रीरामाचे रथ, वहने (घोडा, हत्ती अशा रूपांतल्या वाहनांवरून निघणाऱ्या देवाच्या मिरवणुका) आणि ऋतू सरता सरता सुरू होणाऱ्या भरीत-पार्ट्या हे त्यांतले मुख्य. मोठा मंडप, लांबलचक कार्यकारिणी आणि भरमसाट वर्गणी यांतल्या बहुतेकांना लागत नाही. कामे वाटलेली असतात आणि ती करणारी घरेही ठरलेली असतात. कोणाचा कोणता मान, हे कागदावर नसले तरी गल्लीला पाठ असते. म्हणूनच घर बदलून कॉलनीत गेलेली माणसे या दिवसांत जुन्या गावठाणात परत दिसतात.

काळ : तिथी चंद्रावर आणि कामे पिकांवर चालत असल्याने दरवर्षी जुळवाजुळव वेगळी करावी लागते. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, त्यामुळे कोजागरी २८ ऑक्टोबरला आली. २०२५ मध्ये ती ६ ऑक्टोबरलाच होती. तिथ्या लवकर आल्या की परतीचा पाऊस नवरात्राचे मांडव आणि गच्चीवरचे दूध दोन्ही गाठतो. उशिरा आल्या की कपाशीची वेचणी जोरात असते आणि दिवसा माणूस मिळत नाही. मग तयारीची सारी कामे दिवेलागणीनंतर होतात. ऑक्टोबरच्या दुपारी ऊनही असे असते की दुपारचा कार्यक्रम ठेवणाऱ्याला प्रेक्षक फारसे मिळत नाहीत.

गुलाबाई : मुलींचा महिनाभर चालणारा गाण्यांचा उत्सव. विदर्भात आणि जळगावच्या काही भागांत हिलाच भुलाबाई म्हणतात. भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागरीला उठते. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्यात किंवा हादग्यात पाटावर हत्ती मांडून फेर धरतात. इथे शंकर-पार्वतीची, म्हणजे गुलोजी आणि गुलाबाईची रंगवलेली मातीची मूर्ती असते आणि मुली बहुधा टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. पार्वती महिनाभर माहेरी आली आहे, ही त्यामागची कल्पना. गाण्यांत सासरची गाऱ्हाणी, माहेरची वाट, दागिने, बाळंतपण आणि डोहाळे येतात. भाषा घराप्रमाणे अहिराणी, लेवा बोली किंवा नुसती मराठी.

मूर्ती कुंभाराकडून आणतात. पाटावर किंवा कोनाड्यात ती ठेवून भोवती ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव करतात. धांडे कणसासकट हिरवे तोडलेले असावेत. ते चार-पाच दिवसांत वाळतात आणि कणसाच्या वजनाने झुकतात, म्हणून शेंडे एकत्र बांधून सुतळीचे एक टोक भिंतीच्या खिळ्याला घ्यावे लागते. नुसते बुडख्याशी बांधलेले मांडव आठवडाभरात मूर्तीवर येतात. मूर्ती पुष्कळदा कच्च्या मातीची असल्याने तिला ओल्या हातांनी हळदकुंकू लावू नये. रंग सुटतो आणि पौर्णिमेपर्यंत तोंडावळा राहत नाही.

संध्याकाळी मुली एका घरून दुसऱ्या घरी जातात. प्रत्येक घरी पाच-सात गाणी आणि शेवटी खाऊ ओळखणे. खाऊ झाकणाच्या डब्यात असतो. गोड की तिखट, कोरडा की ओला, तळलेला की भाजलेला, असे विचारत आणि डबा हलवून आवाज ऐकत मुली नाव काढतात. यजमानणीची खरी कसोटी इथेच. शेंगदाण्याचा लाडू आणि चिवडा पहिल्या फटक्यात ओळखले जातात. वाजू नये म्हणून डबा गच्च भरतात, वास लपावा म्हणून केळीच्या पानात गुंडाळतात. दोन पदार्थ एकत्र ठेवणे मात्र लबाडी समजतात. एका संध्याकाळी सहा घरांपेक्षा जास्त घेतली की शेवटच्या घरी गाणी घाईत उरकली जातात, म्हणून गल्ली मोठी असेल तर घरांचे वार वाटून घेतात. पूर्वी शेवटच्या दिवशी बत्तीस-तेहतीस प्रकारची खिरापत करण्याची हौस असे. आता घरोघरी एकेक पदार्थ वाटून घेऊन ती संख्या गाठतात.

मुली शिकवण्यांना जाऊ लागल्या तशी रोजची गुलाबाई कमी झाली आणि शाळांच्या व्यासपीठावर आली. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानच्या पुढाकाराने भुलाबाई महोत्सव होतो, त्यात शाळा-महाविद्यालयांचे आणि महिलांचे संघ उतरतात. यामुळे गाणी टिकली, हे खरे. पण मंचावर वेळ मोजलेला असतो. ज्या गाण्यात एकेक नातेवाईक घेऊन कडवे वाढवत न्यायचे असते, त्याची तीनच कडवी उरतात, आणि खाऊ ओळखणे तर पूर्णच गळते.

नवरात्र : धुळ्यात पांझरेकाठची एकवीरादेवी, चाळीसगावजवळची पाटणादेवी आणि यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याची मनुदेवी इथे या दिवसांत रीघ असते. शहरांत गरबा गुजरातच्या शेजारामुळे विशेषतः नंदुरबार-शहादा पट्ट्यात जुना आहे. कोजागरीला तापी-नर्मदेचे पाणी कावडीने घेऊन सप्तशृंगगडावर चालत जाणारे कावडकरी खान्देशातून निघतात. सातपुड्यात धनत्रयोदशीपासून अस्तंबा ऋषीची, म्हणजे अश्वत्थाम्याची, यात्रा भरते. तळोद्याकडून जथे पायी निघतात आणि सुमारे १,३०० मीटर उंचीच्या अस्तंबा डोंगरावर अश्वत्थाम्याचे दर्शन घेऊन परततात. तो आदिवासी समाजाचा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे.

कोजागरी : गल्लीचे किंवा अपार्टमेंटच्या गच्चीवरचे दूध. पन्नास माणसांना दहा लिटर म्हशीचे दूध पुरते; आटून सात लिटर राहिले की प्रत्येकी एक पेला होतो. साखर लिटरला ८० ते १०० ग्रॅम, आणि ती दूध आटल्यावरच. आधी घातली तर तळाला लागते. पसरट कढई, मध्यम आच आणि तळ खरवडणारा एक माणूस सतत उभा, एवढे जमले की बिघडायला फारसे काही उरत नाही. दूध फाटते ते बहुधा दोन कारणांनी: घराघरांतून गोळा केलेल्या दुधात सकाळचे दूध मिसळलेले असते, किंवा कढईला आधीच्या स्वयंपाकाचा आंबट अंश राहिलेला असतो. म्हणून दूध एकाच गवळ्याकडून घ्यावे आणि कढई आधी नुसत्या पाण्याने उकळून घ्यावी. २०२३ च्या कोजागरीला रात्री १ वाजून ५ मिनिटांनी खंडग्रास चंद्रग्रहण लागले, तेव्हा ग्रहण पाळणाऱ्यांपुढे दूध केव्हा प्यायचे हा प्रश्न उभा राहिला होता. याच रात्री गुलाबाईचे विसर्जन होते, त्यामुळे मुलींचा खाऊ आणि मंडळाचे दूध यांच्या वेळा एकमेकांवर येणार नाहीत हे पाहावे लागते.

रथ आणि वहने : खान्देशाच्या शरदाचा हाच गाभा. आश्विन शुद्ध एकादशीला, म्हणजे पाशांकुशा एकादशीला, धुळ्यात खोल गल्लीच्या बालाजीचा रथ निघतो. पारोळ्यातही नवरात्रातल्या बालाजीच्या ब्रह्मोत्सवानंतर रथ असतो. जळगावचा श्रीराम रथोत्सव कार्तिक शुद्ध एकादशीचा. तो जुन्या जळगावातील श्रीराम मंदिर संस्थानचा असून संत अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला. सगळेच रथ शरदातले नाहीत: अमळनेरचा वैशाखात आणि पिंप्राळ्याचा आषाढी एकादशीला असतो.

जळगावात कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी एक वहन निघते. घोडा, हत्ती, सिंह, वाघ, सरस्वती, चंद्र, सूर्य, गरुड, मारुती अशी ती रूपे. प्रत्येक वहनाचा मार्ग वेगळा आणि पानसुपारीची घरेही वेगळी. पानसुपारी म्हणजे त्या घरापुढे वहन थांबते, भजन आणि आरती होते, जमलेल्यांना विडा आणि प्रसाद दिला जातो. यजमान घराने अंगण मोकळे ठेवणे, विजेची सोय करणे आणि भजनी मंडळाला बसायला सतरंजी देणे अपेक्षित असते. मोटारसायकली हलवायचे विसरले जाते आणि वहन वीस मिनिटे अडकते, ही नेहमीची तक्रार.

रथाची तयारी चार-सहा आठवडे आधी सुरू होते. पावसाळ्यात फुगलेले लाकूड ऑक्टोबरच्या उन्हात आकसते, त्यामुळे चाकाचे आरे खिळखिळे होतात आणि धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, सैल पडते. सुतार तुंबा (चाकाचा मधला ठोकळा), आरे, आख आणि कुणी (चाक निसटू न देणारी खीळ) तपासतो. आखाला ओंगण, म्हणजे वंगण, घालतात, पण बेताने. जादा ओंगण धावेवर उतरले तर पुढे मोगरी, म्हणजे चाकाखाली लावायची लाकडी पाचर, घसरते. दोर पूर्ण उलगडून हाताने चाचपून पाहतात, कारण कुजलेला भाग बाहेरून दिसत नाही. रथाला झेंडू, केळीचे खांब आणि रोषणाई चढते. सजावटीचे वजन दोन्ही अंगांना सारखे नसेल तर उंच रथ खड्ड्यात झोल खातो.

या रथांना वळवायला सुकाणू नसते आणि थांबवायला ब्रेकही नसतो. दोन्ही कामे मोगरी करते. मोगरी म्हणजे कठीण लाकडाची पाचर, एका बाजूने निमुळती आणि धरायला दांडा असलेली. थांबवायचे असेल तर दोन्ही पुढच्या चाकांखाली ती एकाच क्षणी सरकवतात. डावीकडे वळायचे असेल तर फक्त डाव्या चाकाला लावतात; ते चाक अडते, उजवे पुढे जाते आणि रथाचे तोंड डावीकडे फिरते. काटकोनाचे वळण एका दमात होत नाही. दीड-दोन हात पुढे, थांबा, मोगरी बदला, पुन्हा दोर ओढा, असे अनेकदा करावे लागते. मोगरीवाला चाकाच्या बाजूने बसतो, पुढून कधीच नाही, आणि त्याची नजर चाकावर राहते. ओढणाऱ्यांकडे पाहण्याचे काम इशारा देणाऱ्याचे.

चुका ठराविक असतात. थांबवताना एकाच बाजूची मोगरी लागली तर रथ त्या बाजूच्या ओट्यावर जातो. फार लवकर सरकवली तर चाक तिला ढकलत पुढे नेते. उशीर झाला तर पाचर चाकाखाली जातच नाही. फोडलेल्या नारळांचे पाणी आणि केळीच्या साली यांनी रस्ता निसरडा होतो, म्हणून राखेची किंवा मातीची पाटी सोबत असावी. दोर ढिला पडून एकदम ताणला गेला की रथाला हिसका बसतो. त्यासाठी ओढणाऱ्यांनी आधी दोर ताठ करून मगच जोर लावायचा असतो. वीजतारा आदल्या दिवशी काठीने मोजून पाहतात. अलीकडे सर्वांत मोठी अडचण आवाजाची आहे. ढोल आणि साउंड सिस्टीम रथाला लागून चालू लागली की इशारा मोगरीवाल्यापर्यंत पोहोचत नाही. वाद्ये रथापासून निदान दोन दुकानांच्या अंतरावर पुढे ठेवणे हा सजावटीचा नव्हे, सुरक्षिततेचा मुद्दा आहे आणि तो पोलिसांच्या बैठकीतच ठरवून घेतलेला बरा.

जळगावचा रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथे चादर अर्पण केली जाते. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांच्या स्नेहाची ही आठवण समजली जाते. रथ परतायला रात्र होते. वाटेवर गोडी शेव आणि रेवडीची दुकाने लागतात.

भरीत-पार्टी : कार्तिक उतरला की बामणोद, आसोदा भागातली हिरवट, पांढऱ्या रेघांची मोठी वांगी बाजारात भरतात. जळगावच्या भरीत-वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेतात किंवा मळ्यात होणाऱ्या पार्टीत भरीत हेच जेवण असते, म्हणून पंचवीस माणसांना दहा किलो वांगी धरतात. आकाराच्या मानाने हलके वांगे घ्यावे; जड वांग्यात बी जास्त निघते. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर ती भाजतात. देठाकडचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, तो बोटाने दाबून पाहिल्याशिवाय वांगे उचलू नये. साल गरम असतानाच काढावी, पण पाण्यात बुडवून नाही; धुराचा वास तिथेच धुऊन जातो. मग बडजीत, म्हणजे लाकडी पात्रात, भाजलेल्या हिरव्या मिरच्यांसह काठीने कुटतात. मिक्सरमधून काढलेल्या भरताचा लगदा होतो. लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबरे आणि कोथिंबीर फोडणीत. तेल दहा किलोला पाऊण लिटरपर्यंत लागते आणि त्यात काटकसर केली की चव पडते. सोबत कळण्याच्या पुऱ्या किंवा भाकरी, त्यासाठी चार भाग ज्वारी आणि एक भाग उडीद दळतात. चातुर्मासात वांगे न खाणारी घरे मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत थांबतात, म्हणून पार्टीची तारीख धरण्याआधी पाहुण्यांत अशी किती घरे आहेत ते विचारून घेतात.