संधिवात संशोधनाचा खर्च कोण उचलतं?

संधिवाताने माणूस सहसा मरत नाही, आणि संशोधनाला पैसा मिळवायच्या वेळी नेमकी हीच गोष्ट त्याच्या मुळावर आली. जिवावर बेतणाऱ्या आजारांसाठी तिजोऱ्या उघडत. दुखऱ्या गुडघ्यांची कुणाला घाई नव्हती. ब्रिटनमध्ये १९३६ साली एम्पायर ऱ्हुमॅटिझम कौन्सिल उभी राहिली ती देणग्यांच्या आधारावर. नावं बदलत, दुसऱ्या संस्थेला सामावून घेत २०१८ मध्ये ती ‘व्हर्सस आर्थ्रायटिस’ झाली.

कंपन्या या कामात आल्या त्या औषधाच्या वाटेने. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मायो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताने, जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. औषध मर्क कंपनीने महत्प्रयासाने बनवलेलं, तेही जेमतेम पुरेल एवढं. १९५० मध्ये नोबेल मिळालं. दुष्परिणामांची यादीही लवकरच लांबली.

लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी सांध्याच्या सुजेत ‘टीएनएफ’ या रेणूचा हात दाखवून दिला, त्यामागे धर्मादाय संस्थांचा पैसा होता. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा टीएनएफला अडवणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) पुरवलं सेंटोकॉर या औषध कंपनीने. पुढे या गटातली औषधं तुफान खपली. भागीदारीचा आदर्श म्हणून हे उदाहरण हमखास दिलं जातं. पण देणगीदारांच्या पैशावर सुरू झालेल्या कामातून आलेली ही औषधं वर्षानुवर्षं कितीतरी रुग्णांच्या आवाक्याबाहेर राहिली, हेही त्याच दमात सांगायला हवं. पेटंटच्या रॉयल्टीचा वाटा केनेडी ट्रस्टकडे आला आणि पुन्हा संशोधनात गेला, एवढी मात्र जमेची बाजू.

झिजेच्या संधिवातापुढे हा मार्ग चालेना. कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत आवरण, झिजायला दहा-वीस वर्षं लागतात. औषधाने ती झीज थांबली की नाही, हे मोजायचं कसं हेच धड ठरलेलं नव्हतं. मग एकटी कंपनी इतकी वर्षं पैसा अडकवून का बसेल? म्हणून २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) मर्क, फायझर, नोव्हार्टिस आणि ग्लॅक्सोस्मिथक्लाइन यांना सोबत घेऊन ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस इनिशिएटिव्ह’ सुरू केलं. ४५ ते ७९ वयाचे ४,७९६ लोक त्यात सहभागी झाले. त्यांचे एक्स-रे आणि एमआरआय वर्षानुवर्षं काढले गेले. काम किती चिकाटीचं, ते एक्स-रेवरूनच कळतं. पावलं ठरावीक कोनात ठेवायची, गुडघे किंचित वाकवून समोरच्या फळीला टेकवायचे, आणि पुढच्या वेळी अगदी तसंच उभं राहायचं. नाहीतर हाडांमधली फट कमी दिसते ती झिजेमुळे की उभं राहण्याच्या ढबीमुळे, हे कळायला मार्ग नाही.

माझ्या मते या प्रकल्पातली खरी नवी गोष्ट म्हणजे त्याची अट. पैसे भरणाऱ्या कंपन्यांना माहितीवर मक्तेदारी मिळाली नाही. जगातल्या कुठल्याही संशोधकाला ती मोफत खुली झाली. बाजारात एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या कंपन्यांनी हे मान्य केलं, कारण मोजपट्टी सगळ्यांनाच हवी होती. झीज रोखणारं मान्यताप्राप्त औषध मात्र अजूनही नाही.

२०१४ मध्ये ‘ॲक्सिलरेटिंग मेडिसिन्स पार्टनरशिप’ने हीच अट आमवात आणि ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असा आजार) यांच्यासाठी उचलली. एनआयएच, औषध कंपन्या आणि आर्थ्रायटिस फाउंडेशनसारख्या संस्था एकत्र आल्या. अल्झायमर आणि मधुमेहासह पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलरांचा संकल्प होता. रुग्णांच्या सांध्यातल्या अस्तराचे बारीक तुकडे काढून त्यातली एकेक पेशी तपासली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या सुजेचे सहा वेगवेगळे प्रकार दिसले. एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्यावर का चालत नाही, याचं उत्तर आता त्या प्रकारांत शोधलं जात आहे.