पापलेट केवढं आहे, हे आधी विचारा

‘श्रावणात मासे सोडले की समुद्रात मासळी वाढते, हेच पूर्वजांचं शास्त्र’ असा संदेश दर पावसाळ्यात फिरतो. तारखांपुढे तो टिकत नाही. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते १ जून ते ३१ जुलै, म्हणजे बहुतेक ज्येष्ठ-आषाढात. उलट श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या समुद्रात जातात. मासळी टिकणं बरंचसं अवलंबून असतं ती कोणत्या आकाराची असताना पकडली जाते यावर.

ठाणे-नवी मुंबईच्या हॉटेलांत पापलेट अख्खं मिळतं, एकाच्या प्लेटमध्ये मावेल एवढं. त्यामुळे पोरसवदा माशालाही गिऱ्हाईक मिळतं. राज्यात पापलेट (सरंगा) पकडण्याची किमान लांबी १३५ मिलिमीटर आहे, बोंबलाची १८० आणि सुरमईची ३७०.

यामागचं गणित फार सुंदर आहे. लहान मासा खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा अंग वाढवण्यात घालतो; वयात आल्यावर तिचा मोठा वाटा अंड्यांकडे वळतो. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, कारण आकारमान लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. अंडी मात्र बहुतेक जातींत वजनाहूनही वेगाने वाढतात. २०१८ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अटलांटिक कॉड या माशाचा हिशेब आहे: ३० किलोची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढ्यांसाठी २ किलोच्या सुमारे २८ माद्या लागतात, म्हणजे ५६ किलो मासा. अंड्यांतली ऊर्जा मोजली तर ३७ माद्या लागतात, कारण मोठ्या मादीचं अंडंही मोठं असतं. जास्त बलक म्हणजे पिल्लाला पहिला घास मिळेपर्यंत जास्त शिदोरी. म्हणून ‘दर्यात एवढे टन मासळी आहे’ या आकड्यावरून उद्याच्या मासळीचा अंदाज येत नाही. त्या टनांत आया किती आणि केवढ्या, हे कळायला हवं.

बरीच आगरी-कोळी हॉटेलं कच्ची मासळी ताटात आणून दाखवतात, तशी मागाच. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरत नाही ते पापलेट घेऊ नका, १३५ मिलिमीटरची किमान लांबी भरली तरी. त्यापेक्षा मोठं एक घेऊन दोघांत वाटा. सुरमईची तुकडी फसवते, कारण शेपटीकडची नेहमीच लहान असते. पोटाची पोकळी दिसणारी तुकडी बघा. तीच तीन बोटं रुंद असेल तर मासा पोरगाच होता. बांगडा लवकर वयात येतो, तो बिनधास्त मागवा. चिंबोरीच्या पोटाखालच्या रुंद झाकणाला बाहेरून अंड्यांचा घोस चिकटला असेल तर ती परत पाठवा.

जुलैत ‘ताजं पापलेट’ म्हणून सांगितलं तर कुठलं ते विचारा. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, त्यामुळे ते तिकडून बर्फात आलेलं असू शकतं, नाहीतर शीतगृहातलं.