ठोसा हनुवटीवरच का?

गेल्या आठवड्यात भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. जुन्या-नव्या बॉक्सरांची यादी, प्रत्येकापुढे त्याच्या ठोशाचे 'वजन' किलोमध्ये. ज्याचा आकडा मोठा तो श्रेष्ठ! अशा याद्या पोरे खऱ्या मानतात, म्हणून हे लिहायला बसलो.

ठोशाची खरी मोजमापे झालेली आहेत. 1985 साली इंग्लंडमध्ये तिथल्याच फ्रँक ब्रुनो या बॉक्सरचा ठोसा मोजला, तेव्हा वेग सेकंदाला 8.9 मीटर आणि कमाल बल सुमारे 4,100 न्यूटन (न्यूटन हे बलाचे एकक) भरले. पण हे बल क्षणभरच टिकते. आणि समोरचा आडवा होणार की नाही, हे ठोसा कुठे आणि कोणत्या दिशेने बसला यावर फार अवलंबून असते.

घरात खरवस असेल तर करून बघा. वाटीत घट्ट जमलेला खरवस घ्या, वाटी ओट्यावरून सरळ सरकवा आणि झटकन थांबवा. खरवस थरथरतो, पण अख्खा राहतो. आता तीच वाटी जागच्या जागी झटक्याने गोल फिरवा. कडेचा खरवस वाटीबरोबर जातो, मधला मागे राहतो, आणि दोन-चार झटक्यांत चीर पडते.

ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी 1943 साली मेंदूच्या जागी जिलेटिन वापरून हेच मांडले. मेंदू दाबून लहान करणे जवळजवळ अशक्य, पाण्यासारखेच. पण त्याचे थर एकमेकांवरून घसरवणे अगदी सोपे. दाबाला होणारा विरोध या घसरणीच्या, म्हणजे कर्तनाच्या, विरोधापेक्षा लाखो पटींनी मोठा आहे. म्हणून सरळ धक्क्यापेक्षा डोक्याचे कोनीय त्वरण, म्हणजे डोके झटक्यात फिरू लागणे, घातक ठरते. ते मिळते बलाच्या आघूर्णाला (फिरवण्याच्या जोराला) डोक्याच्या जडत्वाच्या आघूर्णाने (फिरायला होणाऱ्या विरोधाने) भागून. बल तेच ठेवून आघूर्ण वाढवायचे, तर मानेच्या अक्षापासून लांबची जागा गाठायला हवी. ती जागा म्हणजे हनुवटी.

आता जो फ्रेझर या अमेरिकन हेवीवेट बॉक्सरकडे बघा. प्रतिस्पर्धी मुहम्मद अलीपेक्षा उंचीने तीन-चार इंच कमी, हातही आखूड. तो वाकून, डोके सतत हलवत आत शिरायचा आणि डावा हूक मारायचा. हूक बाजूने येतो, म्हणून डोके मानेवर गर्रकन वळते. 8 मार्च 1971, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, पंधरावी फेरी. अलीचा उजवा हात खाली आला आणि तो हूक थेट जबड्यावर बसला. अली पाठीवर पडला. लगेच उठलाही, पण लढत फ्रेझरने जिंकली.

अलीचे तंत्र नेमके उलटे. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतो, तसे तो डोके मागे न्यायचा. ठोशाचा सापेक्ष वेग घटतो, संपर्काचा काळ वाढतो, बल कमी होते. फ्रेझर मात्र पुढे झेपावत यायचा. 1973 साली जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमन या बॉक्सरने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले, त्यात फोरमनच्या ताकदीइतकाच फ्रेझरच्या स्वतःच्या वेगाचा वाटा होता असे मला वाटते. दोन वेगांची बेरीज झाली.

हेल्मेटसारखे हेडगार्ड घातले की मेंदू सुरक्षित, हाही असाच एक गैरसमज. त्याने जखमा आणि खोक पडणे कमी होते, डोक्याचे वळणे फारसे थांबत नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच उतरले होते.

खरा आधार मानेच्या स्नायूंचा. ठोसा दिसला तर मान आवळली जाते, डोके आणि धड एकजीव होते. पण डोळ्याने पाहून हालचाल करायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो, आणि दमलेली मान तेवढ्यातही नीट आवळत नाही. 30 ऑक्टोबर 1974 रोजी आफ्रिकेतल्या किन्शासात अली दुसऱ्या फेरीपासून बराच वेळ रिंगच्या दोराला रेलून फोरमनचे ठोसे हातांवर, बरगड्यांवर झेलत राहिला. आठव्या फेरीत थकलेल्या फोरमनच्या चेहऱ्यावर अलीचा उजवा हात बसला. एवढा धिप्पाड माणूस स्वतःभोवती फिरत कोसळू लागला. अलीचा उजवा हात पुढच्या ठोशासाठी तयार होता. तो ठोसा त्याने मारलाच नाही.