लिव्हरचा कॅन्सर की लिव्हरमध्ये पसरलेला?

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं असतं, दोनेक वर्षांनी लिव्हरमध्ये गाठी दिसतात आणि नातेवाइकांत बातमी फिरते, 'आता लिव्हरचा कॅन्सर झालाय.' लगेच कुणीतरी विचारतं, 'आमच्या मामांचं ट्रान्सप्लांट केलं, तुम्ही का नाही करत?' कारण मामांचा आजार वेगळा होता. आतड्यातून लिव्हरमध्ये गेलेला कॅन्सर आतड्याचाच राहतो आणि त्याला औषधंही आतड्याच्या कॅन्सरचीच लागतात. डॉक्टर त्याला 'सेकंडरीज' किंवा 'मेट्स' म्हणतात. लिव्हरमध्येच सुरू झालेला तो प्रायमरी. मोठ्या माणसांत तो बहुतेक वेळा हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा असतो, म्हणजे रिपोर्टवरचा 'एचसीसी'. (पित्तनलिकेतून उठणारा कोलँजिओकार्सिनोमाही प्रायमरीच, पण त्याचा रस्ता निराळा. तो इथे बाजूला ठेवू.)

एवढं समजायला वेळ लागत नाही. घोळ होतो तो पुढे. एचसीसीचं निदान बऱ्याचदा बायोप्सी न करताच पक्कं होतं आणि सेकंडरीजच्या संशयात मात्र अनेकदा सुई घालावी लागते. मग 'तुकडा न तपासता कॅन्सर म्हणालेच कसे?' म्हणून लोक दुसऱ्या हॉस्पिटलात जातात आणि हट्टाने बायोप्सी करून घेतात.

एचसीसीचं हे निदान अंदाजपंचे केलेलं नसतं. निरोगी लिव्हरला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून येणारी मोठी शीर) येतं आणि २५ टक्के हेपॅटिक धमनीतून. एचसीसीची गाठ मात्र जवळजवळ सगळी धमनीवर पोसते. त्यामुळे सीटी किंवा एमआरआय करताना शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्त उठून दिसावं म्हणूनचं औषध) सोडल्यावर साधारण ३५ व्या सेकंदाला गाठ आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. ७० व्या सेकंदाच्या सुमारास पोर्टल व्हेनचा कॉन्ट्रास्ट पोचतो, तेव्हा उरलेलं लिव्हर उजळतं. ३ ते ५ मिनिटांनी बघितलं तर तीच गाठ आजूबाजूपेक्षा काळपट पडलेली असते. हा 'वॉशआउट'. गाठ १ सेंमी किंवा त्याहून मोठी असेल, कडेपुरती नव्हे तर आतूनही उजळली असेल आणि नंतर वॉशआउट दिसला असेल, तर रेडिओलॉजिस्ट 'एलआर-५' (लिव्हरच्या गाठींसाठी ठरलेल्या श्रेणींपैकी एक) लिहितो. त्याचा अर्थ एचसीसी नक्की.

पण हा नियम लागू होतो तो सिरॉसिस (जुन्या आजाराने घट्ट, गाठाळ झालेलं लिव्हर) किंवा जुनाट हेपॅटायटिस बी असलेल्या माणसालाच. ही अट गाळून नियम तेवढा सांगणारे लोक फार आहेत. किडनीच्या कॅन्सरच्या आणि न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या (हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठी) सेकंडरीजही धमनीवरच पोसतात आणि तशाच उजळतात. म्हणून धडधाकट लिव्हरमध्ये हेच चित्र दिसलं तर बायोप्सी हवीच. आतड्याच्या सेकंडरीज बहुधा कडेने कड्यासारख्या उजळतात. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये असं कडं दिसलं तर शेरा येतो 'एलआर-एम', म्हणजे कॅन्सर वाटतो पण एचसीसीच असेल असं नाही. तिथेही तुकडा तपासतात, आणि पेशी कुठल्या ते विशेष स्टेन लावून ठरवतात.

'तरी खात्रीसाठी करून टाकू' हा विचार मला पटत नाही. सिरॉसिसमध्ये प्लेटलेट कमी असतात, त्यामुळे रक्तस्राव होऊ शकतो. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी पेरल्या जाण्याचा धोका थोडा का होईना असतोच, आणि ट्रान्सप्लांटच्या उमेदवाराला तो परवडत नाही. शिवाय लहान गाठीत सुई चुकली तर रिपोर्ट खोटा 'नॉर्मल' येतो. चित्र संदिग्ध असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर करावी.

खरी चूक बऱ्याचदा त्याआधीच झालेली असते. चिठ्ठीवर नुसतं 'सीटी ॲब्डोमेन विथ कॉन्ट्रास्ट' लिहिलं की अनेकदा फक्त पोर्टल फेज, म्हणजे ७० व्या सेकंदाची, काढली जाते. त्यात एचसीसी आजूबाजूच्या लिव्हरमध्ये बेमालूम मिसळून जाऊ शकतो, आणि पैसे, कॉन्ट्रास्ट, रेडिएशन सगळं पुन्हा करावं लागतं. चिठ्ठीवर 'ट्रिपल फेज लिव्हर सीटी' किंवा 'डायनॅमिक एमआरआय' हवं. रिपोर्टच्या सुरुवातीला आर्टीरियल (धमनीची), पोर्टल आणि डिलेड (उशिराची) या तिन्ही फेजची नावं आहेत का ते बघा. दुसरं मत घ्यायला जाताना फिल्म पुरत नाही, सीडी न्या.

आधी पेट स्कॅन करून मोकळं होण्याची फॅशन एचसीसीत कुचकामी आहे. चांगल्या डिफरन्शिएटेड (पेशी बऱ्याचशा नॉर्मलसारख्या असलेल्या) गाठी पेटसाठी टोचलेली साखर धरून ठेवत नाहीत, म्हणून त्या पेटवर चमकतही नाहीत. आतड्याच्या सेकंडरीज शोधायला तोच स्कॅन कामाचा. रक्तातल्या एएफपी या मार्करचंही तसंच. ते नॉर्मल असलं म्हणून एचसीसी नाही असं होत नाही.

उपचारात फरक पाडतं ते गाठीभोवतीचं लिव्हर. सेकंडरीजमध्ये ते बहुधा शाबूत असतं, एचसीसीत ते आधीच आजारी असतं. ऑपरेशननंतर मागे किती लिव्हर उरलं पाहिजे? निरोगी असेल तर २० ते २५ टक्के, बरीच किमो झालेली असेल तर ३० आणि सिरॉसिस असेल तर ४०. म्हणून आतड्याच्या चार सेकंडरीज काढता येतात आणि ५ सेंमीचा एकच एचसीसी कधीकधी काढता येत नाही. एचसीसीत गाठीच्या मापाइतकाच, लिव्हर किती काम करतंय ते सांगणारा चाइल्ड-प्यू स्कोअर महत्त्वाचा: बिलीरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप), पोटातलं पाणी आणि शुद्धीवरचा परिणाम. ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० पासून पुढे सी. सी असेल तर ट्रान्सप्लांट सोडून कॅन्सरच्या कुठल्याही उपचाराने फायद्यापेक्षा नुकसानच जास्त.

ट्रान्सप्लांटने कॅन्सर आणि सिरॉसिस दोन्ही जातात. १९९६ चे मिलान निकष अजून चालतात: ५ सेंमीपर्यंतची एक गाठ, किंवा ३ सेंमीपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन, आणि मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नको. आतड्याच्या सेकंडरीजमध्ये ट्रान्सप्लांट अगदी निवडक रुग्णांतच होतं, कारण मूळ लिव्हरबाहेर असतं. ३ सेंमीपर्यंतच्या एचसीसीला ॲब्लेशनही (सुई घालून गाठ जाळणं) चालतं. गाठी जास्त असतील तर 'टेस': जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर धमनीत नेऊन औषध सोडतात आणि गाठीची रसद तोडतात. बाकीचं लिव्हर पोर्टल व्हेनवर तग धरतं. मुख्य पोर्टल व्हेनच बंद असेल तर ते शक्य नसतं, आणि अशा वेळी टेस केलं तर लिव्हर फेल होऊ शकतं.

औषधांत बेव्हासिझुमॅब (गाठीच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं इंजेक्शन) दोन्ही यादींत दिसतं, म्हणून आजार एकच समजू नये. आतड्यात ते किमोबरोबर देतात, एचसीसीत अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाबरोबर. एचसीसीत ते सुरू करण्याआधी गॅस्ट्रोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघाव्या लागतात, नाहीतर रक्ताची उलटी व्हायची. सोराफेनिबच्या गोळ्या एचसीसीच्या, आतड्याच्या सेकंडरीजना त्या देत नाहीत. या गोळ्यांचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांच्या घरात होता. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नॅटको कंपनीला भारतातला पहिला सक्तीचा परवाना दिला, त्यात ८,८८० रुपयांची मर्यादा ठरली.

सिरॉसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, सोबत एएफपी. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांना सीईए (आतड्याच्या कॅन्सरचा रक्तातला मार्कर) आणि सीटी. पहिल्याच्या चिठ्ठीवर सीईए आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवर एएफपी आलं असेल, तर ते कशासाठी हे डॉक्टरांना विचारूनच रक्त द्या.