किनाऱ्यावरची चप्पल आणि शेवटची खात्रीची वेळ

पावसाळ्यात उधाणाची भरती ओसरल्यावर गुहागर किंवा वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर सकाळी चालायला गेले, तर लाटांनी आणून टाकलेल्या काटक्या, बाटल्या आणि तुटक्या जाळ्यांच्या रेघेत दहा-वीस चपला सहज दिसतात. गावातला कोणी कालपासून घरी आला नसेल, तर त्यांतली प्रत्येक चप्पल पाहणाऱ्याच्या छातीत धस्स करते. तपासाला आलेला हवालदार मात्र चप्पल उचलण्याआधी जागेवरच तिचे छायाचित्र घेतो आणि मग ती उलटी करून पाहतो. तळाच्या खाचांत देठ असलेले पांढरट शिंपले झुबक्याने चिकटलेले असतील, तर ते बार्नकल नावाचे समुद्री जीव असतात. त्यांची पिल्ले पाण्यात तरंगत असतात आणि एखाद्या तरंगत्या वस्तूला एकदा चिकटली की तिथेच वाढतात. नखाएवढे बार्नकल एका रात्रीत तयार होत नाहीत, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणजे ती चप्पल काल संध्याकाळी घराबाहेर पडलेल्या माणसाची नाही. तळ स्वच्छ असेल, तर ती त्याची असू शकते, एवढेच म्हणता येते.

बेपत्ता व्यक्तीच्या तपासात पुराव्याचा अर्थ बहुतेकदा असाच असतो. एखादी वस्तू सापडते तेव्हा ती कोणाची, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ती तिथे केव्हापासून आहे हा प्रश्नही महत्त्वाचा असतो, आणि कोकणच्या किनाऱ्यावर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भरती-ओहोटीला विचारल्याशिवाय मिळत नाही.

पोलीस ठाण्याच्या भाषेत अशा प्रकरणाला 'मिसिंग' म्हणतात. चोवीस तास उलटल्याशिवाय तक्रार घेत नाहीत हा समज अजूनही पक्का आहे, पण कायद्यात तशी अट नाही. व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानुसार थेट गुन्हा दाखल करून, अपहरण झाले असे गृहीत धरून तपास सुरू होतो. प्रौढ माणसाची आधी नुसती नोंद होते, कारण सज्ञान माणसाला न सांगता घर सोडून जाण्याची मुभा आहे. घातपाताचा संशय येईल असे काही हाती लागले की त्याच नोंदीचा गुन्हा होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी केवळ 'मिसिंग' म्हणून गोळा केलेली वस्तूसुद्धा उद्या न्यायालयात उभी राहील अशा रीतीनेच, पंचांसमक्ष आणि पंचनामा करून, ताब्यात घ्यावी लागते. ही शिस्त पहिल्या दिवशी पाळली गेली नाही, तर पुढे कितीही भारी प्रयोगशाळा असली तरी उपयोग होत नाही.

शोधाचा सगळा हिशोब एका बिंदूपासून सुरू होतो, तो म्हणजे ती व्यक्ती खात्रीने शेवटची कोठे आणि किती वाजता दिसली. साक्षीदार घड्याळाकडे पाहून जगत नसतात. 'सहा-साडेसहा झाले असतील' या उत्तराला फारसा अर्थ नसतो, पण 'दापोलीची गाडी नुकतीच गेली होती' या उत्तराला मोठा अर्थ असतो, कारण एसटीच्या वाहकाजवळच्या तिकीट यंत्रात कोणते तिकीट कोणत्या टप्प्यावर किती वाजता फाडले याची नोंद राहते. अनुभवी तपासी अंमलदार म्हणूनच वेळ विचारत नाही. त्या वेळी आणखी काय चालले होते, देवळात आरती सुरू होती का, वीज गेली होती का, होड्या लागल्या होत्या का, असे विचारतो. सीसीटीव्हीच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. दुकानातल्या यंत्राचे घड्याळ दहा-वीस मिनिटे मागे-पुढे असणे ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे चित्रीकरण ताब्यात घेताना पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहून ठेवतात. शिवाय हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चढत जाते, त्यामुळे बंदरावरचा कॅमेरा पंधरवड्याने तपासायला जाण्यात बरेचदा अर्थ उरत नाही.

मोबाइलच्या 'लोकेशन'विषयी वाहिन्यांवर जे सांगितले जाते, ते ऐकून फोन म्हणजे नकाशावरची टाचणी वाटू लागते. प्रत्यक्षात कॉलच्या तपशिलातून, म्हणजे सीडीआरमधून, फोनने कोणता टॉवर आणि त्या टॉवरची कोणती बाजू पकडली होती एवढेच कळते. टॉवरवर बहुधा तीन दिशांना अँटेना असतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला साधारण १२० अंशांचा पाचर येतो. शहरात हा पाचर काही शे मीटरांत संपतो, तर उघड्या किनाऱ्यावर तो कित्येक किलोमीटर पसरतो, कारण पाण्यावर लहरींना अडवायला काही नसते. दाभोळच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन खाडीपलीकडचा, गुहागर तालुक्यातला टॉवर पकडू शकतो. कागदावर तो माणूस पलीकडे दिसतो, म्हणून पथक चिपळूणमार्गे मोठा वळसा घालून निघते आणि माणूस अलीकडेच असतो. म्हणून धोपाव्याच्या फेरीबोटीची तिकिटे आणि धक्क्यावरचा कॅमेरा पाहिल्याशिवाय टॉवरच्या नोंदीवर विसंबता येत नाही. आणखी एक बारकावा उपयोगी पडतो. फोन रीतसर बंद केला तर तो नेटवर्कला तसा संदेश पाठवून बंद होतो, पण पाण्यात पडून एकदम मेला तर असा संदेश जात नाही. हा फरक नेटवर्कच्या नोंदींत मिळालाच, तर शोध जमिनीवर करायचा की पाण्यात, याला एक दिशा मिळते.

पाण्यात करायचा असेल, तर पंचांग उघडावे लागते. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ठोकळ वेळ येते, हे कोळ्यांचे गणित किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. चंद्रामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि पाऊण तास हे त्याच्या जवळचे सोपे रूप आहे. आता समजा, एक माणूस संध्याकाळी सहा वाजता खाडीच्या मुखाशी शेवटचा दिसला. त्या दिवशी चतुर्थी असेल, तर पूर्ण भरती तीनच्या सुमारास होऊन गेलेली असते आणि सहाला ओहोटी ऐन जोरात असते, त्यामुळे पाण्यात पडलेली वस्तू समुद्राकडे ओढली जाते. तेच दशमीला घडले, तर भरती साडेसातला पूर्ण होणार असते, म्हणजे सहाला पाणी अजून आत चढत असते आणि तीच वस्तू खाडीच्या पोटात, खारफुटीच्या दिशेने जाते. माणूस तोच, जागा तीच, घड्याळातली वेळही तीच, आणि शोधाच्या दिशा मात्र परस्परविरुद्ध. साक्षीदाराच्या सांगण्यातला दीड तासाचा घोळ येथे किती महागात पडतो, हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात नदीला लोंढा असेल, तर ओहोटी अधिक वेळ आणि अधिक जोराने चालते, ही दुरुस्तीही त्या गणितात करावी लागते.

खाडीबाहेर गेल्यावर किनाऱ्यालगतचा प्रवाह सूत्रे हाती घेतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत तो दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. वारा मात्र सर्व वस्तूंना सारखा ढकलत नाही. रिकामी होडी पाण्याबाहेर उंच असल्याने वारा तिला पळवतो, तर जवळजवळ पूर्ण बुडालेल्या मानवी देहावर वाऱ्याचा जोर कमी चालतो. त्यातही देहाचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या इतकी जवळ असते की फुप्फुसांतली हवा गेली की ते बुडते आणि तळाशी फारसे सरकत नाही. पुढे कुजण्याच्या क्रियेत वायू साठले की ते वर येते, आणि कोकणच्या कोमट पाण्यात हे बहुधा दोन-तीन दिवसांत घडते. खरा लांबचा प्रवास तेथून सुरू होतो. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने, म्हणजे इन्कॉइसने, २०१६ मध्ये शोध व बचाव पथकांसाठी एक संगणक प्रणाली उपलब्ध करून दिली. हरवलेली वस्तू माणूस आहे की होडी, शेवटची जागा कोणती, वेळ कोणती, हे सांगितले की ती प्रणाली जागा आणि वेळ थोडी थोडी बदलून असंख्य काल्पनिक कण समुद्रात सोडते, वारा आणि प्रवाह त्यांना कोठे नेतील ते काढते आणि शक्यतेचा एक पट्टा नकाशावर देते. एकच ठिपका देत नाही, हाच तिचा प्रामाणिकपणा आहे.

त्याच वर्षी २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन बस इतर वाहनांसह पुरात गेल्या. तो शोध ज्यांना आठवतो, त्यांना क्रेनला बांधून नदीत सोडलेले लोहचुंबकही आठवत असेल. पहिल्या बसचा सांगाडा नौदलाच्या पाणबुड्यांना ११ ऑगस्टला सापडला, आणि तो पुलापासून काही शे मीटरांच्या आतच होता. मृतदेह मात्र तोवर नदी आणि खाडी पार करून समुद्रकिनाऱ्याला लागले होते, काही हरिहरेश्वरच्या बाजूला, तर काही बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला अंजर्ल्यापर्यंत. पाणी भरलेली जड बस जवळच्या गाळात रुतते आणि देह लोंढ्याबरोबर जातो. मुखाबाहेर पडल्यावर ऑगस्टमधला दक्षिणवाही प्रवाह लक्षात घेतला, तर अंजर्ल्याचे आश्चर्य वाटत नाही. त्यामुळे गाडी आणि माणूस एकत्र बेपत्ता असतील, तर एकाच्या सापडण्यावरून दुसऱ्याची जागा ठरवू नये.

शोधून न सापडणे हीसुद्धा माहिती असते, पण ती मोजून वापरावी लागते. समजा, हाती आलेल्या गोष्टींवरून माणूस मोकळ्या पुळणीवर असण्याची शक्यता ६० टक्के आणि खारफुटीत असण्याची ४० टक्के धरली. पुळण उघडी असल्याने तेथे असलेली गोष्ट दिसण्याची खात्री ९० टक्के असते. ती पूर्ण पालथी घातली आणि काही मिळाले नाही, तर पुळणीची शक्यता ६० वरून सुमारे १३ टक्क्यांवर येते आणि खारफुटीची ८७ वर जाते. उलट, आधी खारफुटीत शिरलो असतो, तर चिखल, मुळ्या आणि दाट पानांत दिसण्याची खात्री जेमतेम ३० टक्के. तेथे काही मिळाले नाही, तरी खारफुटीची शक्यता ४० वरून केवळ ३२ टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे 'तिथे बघून झाले' या वाक्याचे वजन कोणी, कसे आणि किती वेळ बघितले यावर ठरते. गावकरी रात्रभर बॅटऱ्या घेऊन खाडीकाठ फिरतात, त्यांची तळमळ खरी असते, पण कोण कोठून कोठपर्यंत गेले याची नोंद कोणी ठेवली नाही, तर त्या श्रमांचे गणितात रूपांतर होत नाही. शिवाय त्यांच्या पाऊलखुणा मूळ खुणांवर चढतात. गावच्या पोलीस पाटलाने पहिल्या तासात करण्यासारखे सर्वांत मोलाचे काम म्हणजे लोकांना वाटा वाटून देणे आणि त्या कागदावर लिहिणे.

श्वानपथकाचे काम याच कारणाने लवकर व्हावे लागते. माणसाच्या अंगावरून सतत गळणारे त्वचेचे सूक्ष्म कण आणि त्यांचा गंध दमट सावलीत टिकतो, तापलेल्या कातळावर दुपारपर्यंत विरतो आणि आषाढातल्या एका जोरदार सरीने धुऊन जातो. श्वानाने दाखवलेली दिशा तपासाला उपयोगी पडते, पण न्यायालये एवढ्यावर निष्कर्ष काढत नाहीत.

देह सापडल्यावर तो पाण्यात जिवंतपणी गेला की मृत्यूनंतर, हा प्रश्न उरतो. येथे डायटम नावाचे एकपेशीय शैवाल साक्षीला येते. त्याचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे असते. बुडणारा माणूस श्वासाबरोबर पाणी आत ओढतो, त्यातले अतिसूक्ष्म डायटम फुप्फुसांतून रक्तात शिरतात आणि हृदय चालू असेपर्यंत रक्त त्यांना हाडांच्या मगजापर्यंत पोहोचवते. प्रयोगशाळेत मगज तीव्र आम्लात विरघळवला की बाकी सारे नाहीसे होते आणि ही नक्षीदार कवचे सूक्ष्मदर्शकाखाली उरतात. कोकणात याला आणखी एक पदर आहे. विहिरीतले, नदीतले, खाडीच्या मचूळ पाण्यातले आणि समुद्रातले डायटम वेगवेगळ्या जातींचे असतात. देह समुद्रकिनारी मिळाला आणि मगजात मात्र गोड्या पाण्यातल्या जाती आढळल्या, तर माणूस पाण्यात वर कोठेतरी, नदीत किंवा पऱ्ह्यात गेला असावा. पण तुलनेसाठी सगळ्या संशयित ठिकाणांचे पाणी त्याच दिवसांत स्वच्छ बाटल्यांत भरून घेतलेले हवे, कारण पहिल्या पावसाच्या लोंढ्याने खाडीतले शैवाल बदलते. या चाचणीवर माझा पूर्ण भरवसा नाही आणि अनेक न्यायवैद्यक तज्ज्ञांचाही नाही. डायटम श्वासाबरोबर हवेतून आणि अन्नातूनही शरीरात थोड्या प्रमाणात येतात, शिवाय प्रत्यक्ष बुडून मेलेल्या काहींच्या मगजात ते मिळत नाहीत. शवविच्छेदनातल्या इतर खुणांच्या जोडीनेच तिचे निष्कर्ष वाचावेत. हीच सावधगिरी जखमांबाबतही लागते, कारण विहिरीत गळ टाकून देह वर काढला असेल, तर त्या गळाच्या खुणा मारहाणीसारख्या दिसू शकतात. गळ कोणी आणि कोठे लावला हे पंचनाम्यात येणे म्हणूनच आवश्यक असते.

ओळख पटवण्याचे काम पुष्कळदा विज्ञानापेक्षा हद्दीमुळे अडते. माणूस रायगड जिल्ह्यातल्या ठाण्यात 'मिसिंग' असतो आणि प्रवाहाने दक्षिणेला नेलेला देह रत्नागिरी जिल्ह्यातल्या ठाण्यात 'अनोळखी' म्हणून अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरात चढतो. सीसीटीएनएस या देशव्यापी पोलीस संगणक जाळ्यामुळे अशा दोन नोंदी समोरासमोर आणणे सोपे झाले आहे, पण त्यासाठी दोन्हीकडे उंची, दातांची ठेवण, जुन्या शस्त्रक्रियेची खूण, गोंदण असे तपशील भरलेले असावे लागतात. 'रंग सावळा, बांधा मध्यम' एवढ्या वर्णनात निम्मा जिल्हा बसतो. शेवटचा शब्द डीएनएचा. आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या रक्ताचा नमुना आणि देहाच्या दाताचा किंवा मांडीच्या हाडाचा नमुना यांची तुलना करतात, कारण मऊ ऊती कुजल्या तरी दात आणि हाडे डीएनए जपून ठेवतात. बेपत्ता व्यक्तीचा दात घासायचा ब्रश, न धुतलेली उशीची खोळ, कंगवा या वस्तू म्हणूनच पोलीस घरून मागून नेतात. घर आवरून, कपडे धुऊन ठेवण्याची जी सवय आपल्याकडच्या बायकांना असते, ती नेमकी अशा वेळी आड येते.

या वस्तू आणि पाण्यातून काढलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधत नाहीत, कागदी पाकिटात घालून लाखेने मोहोरबंद करतात. ओला कपडा प्लॅस्टिकमध्ये कोंडला की दोन दिवसांत बुरशी धरते आणि डीएनएचे तुकडे पडतात. म्हणून आधी तो सुकवावा लागतो, तोही सावलीत, कारण कडक उन्हाने आणि शेकोटीच्या धगीने नमुना खराब होतो. जुलै महिन्यात, जेव्हा कोकणातल्या घरात ओटीवर टांगलेले धोतर चार दिवसांत वाळत नाही, तेव्हा पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत एक ओला सदरा पंख्याखाली, खाली कोरा कागद अंथरून, त्यावर गळलेली वाळूसुद्धा वाया जाणार नाही अशा बेताने टांगलेला असतो, आणि तो कोरडा होईपर्यंत पाकीट उघडेच राहते.