'मॅच गेम'ची रिकामी जागा: सेलिब्रिटी पॅनेल खेळांची पार्श्वभूमी

सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर २ फेब्रुवारी १९५० रोजी 'व्हॉट्स माय लाइन?' हा खेळाचा कार्यक्रम सुरू झाला. चार नामवंतांच्या पॅनेलने प्रश्न विचारून समोरच्या अनोळखी पाहुण्याचा व्यवसाय ओळखायचा. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. प्रत्येक 'नाही'ला सूत्रसंचालक जॉन डेली एक कार्ड उलटत, पाहुण्याला ५ डॉलर मिळत आणि पाळी पुढच्या पॅनेलिस्टकडे जाई. दहा 'नाही' झाले की ५० डॉलर आणि खेळ खलास. इतक्या किरकोळ रकमेसाठी कुणी श्वास रोखून बसत नाही. हीच गोष्ट निर्माते गुडसन आणि टॉडमन यांच्या पथ्यावर पडली, कारण प्रेक्षकांचं लक्ष बक्षिसावरून माणसांवर गेलं.

हशा पिकायचा तो माहितीच्या तफावतीमुळे. पाहुण्याचा व्यवसाय प्रेक्षकांना आधीच कळलेला असे, पॅनेलला नसे. त्यामुळे अगदी साध्या प्रश्नालाही दुसरा अर्थ चिकटायचा, आणि विचारणाऱ्याला लोक का हसताहेत याचा पत्ताच नसायचा. सुरुवातीच्या वर्षांत निर्माते विनोदी पॅनेलिस्टला प्रश्नांची दिशा हळूच सुचवतही असत.

पुढे असं आतून सुचवणं नाजूक झालं. 'ट्वेंटी-वन'सारख्या मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषांमध्ये स्पर्धकांना उत्तरं आधीच पुरवली जात होती, हे १९५८-५९ मध्ये उघड झालं आणि १९६० मध्ये अशा फसवणुकीविरुद्ध कायदा आला. १९६६ साली आलेल्या 'हॉलीवूड स्क्वेअर्स'ने यातून सरळ मार्ग काढला. कलाकारांना विनोद आणि खोटी उत्तरं आधी मिळत, पण तसं कार्यक्रमातच जाहीर केलं जाई. कलाकार बरोबर बोलतोय की थाप मारतोय, हे ठरवायचं काम स्पर्धकाचं. लबाडी खेळाच्या नियमातच बसवली, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत हुशार चाल वाटते.

'मॅच गेम'ची गोष्ट मात्र प्रश्नलेखनाची आहे. एनबीसी या दुसऱ्या अमेरिकी वाहिनीवर १९६२ च्या अखेरीस तो सुरू झाला तेव्हा 'मफिनचा एखादा प्रकार लिहा' असे मिळमिळीत प्रश्न असत. कार्यक्रम बंद पडायच्या बेतात आला, तेव्हा 'मॅड' या विनोदी मासिकाचा लेखक डिक डीबार्टोलो याने वेगळाच प्रश्न लिहिला : 'मेरीला जॉनच्या ____वर ग्रेव्ही ओतायला आवडतं.' कार्यक्रम तगला आणि १९६९ पर्यंत चालला.

जुलै १९७३ मध्ये सीबीएसवर तो नव्या रूपात आला. सूत्रसंचालक जीन रेबर्न, दोन स्पर्धक आणि दोन रांगांत सहा कलाकार. रिकाम्या जागेचं वाक्य ऐकून कलाकार कार्डावर उत्तर लिहीत. मग स्पर्धक आपलं उत्तर मोठ्याने सांगे, आणि कार्डं एकेक करून उघडत. प्रत्येक जुळणीला एक गुण. दुसऱ्या फेरीत त्या स्पर्धकाशी अजून न जुळलेलेच कलाकार खेळत.

सगळी मजा या क्रमात आहे. स्पर्धक बोलून बसलेला आहे, कार्ड बदलता येत नाही, आणि चेहरे मात्र बदलतात. प्रश्नाचं उत्तर एकच सुचणारं असेल तर सहाही जण जुळतात आणि पाहण्यासारखं काही उरत नाही. फारच मोकळं असेल तर कुणीच जुळत नाही. चांगल्या प्रश्नाला दोन तुल्यबळ उत्तरं हवीत, त्यातलं एक टीव्हीवर उच्चारायला अवघड.

बसण्याच्या जागाही विचारपूर्वक ठरल्या होत्या. वरच्या रांगेत शेजारी शेजारी ब्रेट सोमर्स आणि चार्ल्स नेल्सन रायली, म्हणजे कुरबूर ठरलेलीच. खालच्या रांगेत मध्ये रिचर्ड डॉसन. त्याचा अंदाज इतका अचूक की अंतिम फेरीत उत्तर जुळवायला स्पर्धक वारंवार त्यालाच निवडत. याच अंतिम फेरीत प्रेक्षकांकडून आधी घेतलेल्या उत्तरांशी जुळवायचा भाग होता. त्यातूनच १९७६ साली 'फॅमिली फ्यूड' हा वेगळा कार्यक्रम जन्मला, आणि डॉसन त्याचा सूत्रसंचालक झाला.

मग घडी विस्कटली. १९७७ च्या अखेरीस कार्यक्रम दुपारी साडेतीनवरून सकाळी हलवला, तिथे शाळेतून घरी येणारी मुलं तुटली. १९७८ मध्ये डॉसन गेला, १९७९ मध्ये सीबीएसने कार्यक्रम थांबवला. ऑक्टोबर १९८३ मध्ये एनबीसीने 'मॅच गेम' आणि 'हॉलीवूड स्क्वेअर्स' एका तासात एकत्र आणले. पण स्क्वेअर्सच्या भागातले प्रश्न बहुपर्यायी किंवा चूक-बरोबर स्वरूपाचे होते. कलाकाराला थाप मारायला जागाच उरली नाही, आणि जुलै १९८४ मध्ये तोही कार्यक्रम बंद झाला.